जुन्या रेसिंग सायकलला गिअर केबल बसवताना

जुनी रेसिंग सायकल नव्याने उभी करताना रंग, टायर आणि हँडलची टेप यांवर मनापासून खर्च होतो. गिअरची केबल मात्र दुकानात पहिली हाताला लागेल ती घेतली जाते. मग गिअर जड पडतो किंवा आपोआप उतरतो, आणि दोष येतो जुन्या डेरेलरच्या, म्हणजे चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेच्या माथी. खरं तर चाळीस वर्षांचं डेरेलरसुद्धा धुऊन, पिनांना तेल देऊन बसवलं तर बहुतेक वेळा छान चालतं. अडचण असते ती गिअर बदलायच्या लिव्हरपासून डेरेलरपर्यंत तार ज्या वाटेने जाते त्या वाटेत. गोव्याच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात ही वाट इतर कुठल्याही भागाआधी खराब होते, म्हणून तिच्यावर जास्तीचा एक तास घालवणं योग्यच आहे.

इथे डाउन ट्यूबवर, म्हणजे हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या फ्रेमच्या नळीवर, लिव्हर असलेली सायकल गृहीत धरली आहे. ब्रेकच्या मुठीतच गिअर देणारी शिमॅनो या जपानी कंपनीची व्यवस्था १९९० साली आली. त्याआधीच्या बहुतेक रोड सायकलींना डाउन ट्यूबवरच लिव्हर असतात, आणि बसवायला हीच मांडणी सगळ्यात सोपी. तार बरीचशी उघडीच धावते आणि आउटर, म्हणजे तारेवरचं बाहेरचं कव्हर, लागतं ते फक्त मागच्या डेरेलरपाशी, वीतभर वळशापुरतं.

काय घ्यायचं

गिअरच्या १.२ मिमी जाडीच्या दोन तारा घ्या, स्टेनलेस स्टीलच्याच. जस्ताचा मुलामा दिलेली तार स्वस्त पडते, पण मुलामा घासला गेला की खाऱ्या हवेत ती आतून गंजते आणि आउटरमध्ये धरते. लांबी २ मीटर असली की मागच्या डेरेलरला पुरून उरते. आउटर ४ मिमीचं, खास गिअरचं. लागतं सुमारे ३० सेंमी, पण एक मीटर घ्या म्हणजे चुकलं तर पुन्हा कापता येईल. आउटरच्या टोकांना बसणाऱ्या चार टोप्या, तारेच्या टोकांना दाबायच्या दोन छोट्या टोप्या, बारीक कानस, दाभण, ८ आणि ९ चे पाने, ५ ची ॲलन की, आणि केबल कापायचं धारदार कटर. पैसे वाचवायचे तर इतरत्र वाचवा, पण कटर चांगलं घ्या. साध्या पकडीने तार तुटत नाही, चेंगरते, आणि तिचे पदर सुटतात.

आउटर घेताना दुकानदाराच्या शब्दावर न जाता कापलेलं टोक स्वतः बघा. ब्रेकच्या आउटरमध्ये चपट्या पोलादी पट्टीची गुंडाळी असते. प्लॅस्टिकचं कव्हर थोडं सोललं की वेटोळी दिसतात. गिअरच्या आउटरच्या टोकाला मधल्या पांढऱ्या नळीभोवती बारीक तारांचे ठिपके गोल मांडलेले दिसतात, कारण त्या तारा लांबीच्या दिशेने सरळ धावतात. दाब आला तरी आउटर आखडत नाही ते यामुळेच. शिमॅनोने १९८४ मध्ये क्लिक होणारे गिअर आणले. तुमच्या लिव्हरला क्लिक असतील तर या आउटरला पर्याय नाही. शिमॅनोच्या ८ चकत्यांच्या व्यवस्थेत एका क्लिकला तार साधारण २.८ मिमी सरकते. त्यातला एखादा मिलिमीटर आउटरच्या आखडण्यात गेला की चेन दोन चकत्यांच्या मध्ये कुरकुरत राहते. क्लिक नसलेल्या, म्हणजे फ्रिक्शनच्या लिव्हरला ब्रेकचं आउटर चालून जातं, फक्त लिव्हर स्पंजासारखी लागते.

उलटं मात्र कधीही करू नका. गिअरचं आउटर ब्रेकला लावायचं नाही. ब्रेक जोराने दाबला की लांबीच्या तारा बाजूला फाकून आउटर फुटतं आणि ब्रेक त्याच क्षणी जातो. उरलेल्या तुकड्याचा मोह इथेच होतो, म्हणून तो तुकडा वेगळा ठेवा आणि त्यावर तसं लिहून ठेवा.

तारेच्या टोकाची गोळी, म्हणजे निपल, लिव्हरशी जुळते का ते दुकानातच बघा. लिव्हर काढून बरोबर न्या. कॅम्पान्योलोच्या लिव्हरची बैठक शिमॅनोच्या गोळीपेक्षा किंचित लहान असते. गोळी थोडीशीच अडत असेल तर कानशीने चारी बाजूंनी सारखी उतरवता येते. हातोडीने ठोकून मात्र बसवू नका. लिव्हर फिरते तशी गोळी आपल्या बैठकीत फिरायला हवी. ती जाम असेल तर तार दर वेळी गोळीच्या मुळाशी वाकते आणि काही महिन्यांत तिथेच तुटते.

जुनी केबल काढणं

काहीही सोडण्याआधी वाट कशी आहे त्याचे तीन-चार फोटो काढा. दोन्ही लिव्हर पूर्ण पुढे ढकला, म्हणजे ताण जाईल. डेरेलरवरचा तार पकडणारा बोल्ट सैल करा, तारेचं उसवलेलं टोक कापून टाका आणि तार लिव्हरच्या बाजूने ओढून घ्या. गोळी लिव्हरमध्ये धरली असेल तर ओढाताण करू नका. ॲल्युमिनियमची लिव्हर आणि दुसऱ्या धातूची गोळी यांच्यात मिठाच्या ओलाव्याने पांढरी भुकटी धरते आणि दोन्ही जणू चिकटून जातात. गंज सोडवणारं तेल घाला, रात्रभर थांबा, सकाळी तार कापून बारीक खिळ्याने मागच्या बाजूने गोळी हलकेच बाहेर ठोका.

जुन्या आउटरचा तुकडा टाकू नका, मापाला उपयोगी पडतो. पण त्यावर आंधळा विश्वासही ठेवू नका, कारण आधीच्या हातांनी तो चुकीचा कापलेला असू शकतो.

वाट साफ करणं

नवी तार जुन्या घाणीतून ओढली तर पहिल्या आठवड्यातच ती जुन्यासारखी वागू लागते. तार कुठे कुठे टेकते ते क्रमाने बघत जा.

पहिली जागा लिव्हरची. लिव्हर खोलताना वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने एका दोरीत ओवून ठेवा. क्रम बदलला तर लिव्हर एक तर घसरते किंवा जाम होते. सगळं डिझेलने किंवा रॉकेलने धुवा आणि पूर्ण सुकवा. फ्रिक्शनच्या वॉशरना तेल लावू नका, त्यांचं कामच घर्षण धरून ठेवण्याचं आहे. सनटूरच्या रॅचेटवाल्या किंवा सिम्प्लेक्सच्या स्प्रिंगवाल्या लिव्हरची आतली रचना वेगळी असते. त्या नीट चालत असतील तर खोलूच नका, बाहेरून पुसून घ्या.

लिव्हर फ्रेमला डाग देऊन (धातू वितळवून) जोडलेल्या नसून पट्ट्याने आवळलेल्या असतील तर पट्टा काढून खालचा रंग तपासा. घाम आणि खारं पाणी तिथे अडकून नळी गंजलेली असते. बदली पट्टा घ्यायचा झाला तर नळी मोजा. ब्रिटिश, इटालियन आणि जपानी धर्तीच्या फ्रेमची डाउन ट्यूब साधारण २८.६ मिमी असते, जुन्या फ्रेंच फ्रेमची २८. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक छोटा वाटतो, पण २८.६ चा पट्टा फ्रेंच फ्रेमवर कितीही आवळला तरी तारेच्या ताणाने खाली सरकतो.

दुसरी जागा बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे फ्रेममध्ये पेडलचा दांडा फिरतो तिथली. नंतरच्या फ्रेममध्ये खालच्या बाजूला एका स्क्रूने धरलेली प्लॅस्टिकची खाच असते, आधीच्या फ्रेममध्ये वरच्या बाजूला लोखंडाचे छोटे बोगदे डाग दिलेले असतात. खालची खाच म्हणजे चिऱ्याच्या तांबड्या धुळीचं आणि चिखलाचं घर. डिचोली, सांगे या खाणपट्ट्यात चालवलेली सायकल असेल तर त्यात खनिजाची बारीक धूळही मिसळलेली सापडते आणि ती तारेला पॉलिश पेपरसारखी घासते. प्लॅस्टिकमध्ये जुन्या तारेने खोल चर पाडला असेल तर तो भाग बदलून टाका. किंमत फार नसते आणि बहुतेक फ्रेमना सारखाच बसतो. वरच्या बोगद्यांमधून तारेचा तुकडा रॉकेलमध्ये भिजवून मागेपुढे ओढा, रंगाचे थर आणि गंज निघेपर्यंत. नुकताच नवा रंग दिला असेल तर हे विसरू नका, कारण रंगवताना बोगदे बुजलेले असतात.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे उजव्या चेनस्टेवरचा (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवरचा) स्टॉपर, जिथे आउटर सुरू होतं. आउटरचं टोक ज्या तळावर टेकतं तो तळ सपाट हवा. गंजाचे पापुद्रे दाभणाने खरवडून काढा. मग आउटर टोपीसकट आत जातं का ते बघा. काही जुन्या स्टॉपरमध्ये नुसतं आउटरच मावतं, टोपी मावत नाही. अशा वेळी ड्रिलने भोक मोठं करू नका. आधीच पातळ असलेला स्टॉपर फाटतो. टोपीशिवाय बसवा, पण टोक अधिक काळजीने घासा. उलट भोक सैल असेल, कारण बैठक ५ मिमीच्या आउटरसाठी केलेली असते, तर टोपी हवीच. टोप्या नायलॉनच्या किंवा पितळेच्या घ्या, आणि टोपीला बाहेरून बोटाने थोडं ग्रीस लावा म्हणजे ती फ्रेमला धरणार नाही.

तार जोडण्याआधी डेरेलरच्या मर्यादा

हे काम तार नसताना करायचं असतं, कारण तारेचा ताण असेल तर चूक झाकली जाते. चेन सगळ्यात लहान चकतीवर ठेवा आणि मागून बघा. वरची पुली त्या चकतीच्या बरोबर खाली हवी. ती बाहेर किंवा आत असेल तर एच खुणेच्या स्क्रूने जुळवा. मग पेडल हळू फिरवत डेरेलर हाताने आत ढकला. चेन मोठ्या चकतीवर चढली पाहिजे आणि डेरेलर त्याच्या पुढे तिळभरही जाता कामा नये. तो थांबा एल खुणेच्या स्क्रूचा. जुन्या डेरेलरवर खुणा नसतील तर एकेक स्क्रू फिरवून काय हलतं ते बघा. एल सैल राहिला तर चढावर मोठ्या चकतीवर टाकताना डेरेलर स्पोकमध्ये जातं, आणि मग चाक, डेरेलर, कधी डेरेलर ज्यावर टांगलेलं असतं तो फ्रेमचा हूकही एकदम जातो.

आउटर कापणं

गिअर नीट चालणार की नाही हे बरंचसं इथे ठरतं. एक टोक स्टॉपरमध्ये, दुसरं डेरेलरच्या मागच्या बैठकीत धरून वळसा कसा पडतो ते बघा. आउटर डेरेलरमध्ये सरळ, बैठकीच्या रेषेत शिरलं पाहिजे. तिथे कोन पडत असेल तर तुकडा आखूड आहे. वळसा बाहेर लोंबत असेल, पायाला किंवा फेरीबोटीत शेजारच्या सायकलला अडकेल असा असेल, तर लांब आहे. आता डेरेलर हाताने पुढे झुलवा. आउटर स्टॉपरमधून निसटायला नको. बहुतेक फ्रेमना २८ ते ३३ सेंमीच्या दरम्यान माप येतं. शंका असेल तर एक सेंटिमीटर जास्त ठेवा. किंचित लांब वळशाने थोडं घर्षण वाढतं, पण आखूड वळशाने गिअरच बिघडतो.

कापण्याआधी आउटरच्या आत जुन्या तारेचा तुकडा घाला, म्हणजे कटर दाबताना आतली नळी चपटी होत नाही. एका झटक्यात कापा आणि तुकडा बाहेर काढा. आता टोक उजेडात नीट बघा. भोक लंबगोल झालेलं असतं, पांढरी नळी एका बाजूला मिटलेली असते आणि एखादी तार बाकीच्यांपेक्षा पुढे आलेली असते. पकडीने बाहेरून हलकेच दाबून टोक गोल करा. पुढे आलेली तार कानशीने घासून सगळं टोक सपाट करा, आउटरशी काटकोनात. मग दाभण घालून गोल फिरवत नळीचं तोंड उघडा. कानशीचा चुरा फुंकून काढा, आत राहिला तर तो तारेला खरवडत राहतो. टोक तिरकं राहिलं तर टोपीत ते एका कडेवरच टेकतं, पहिल्या काही दिवसांत दबतं आणि तार ढिली पडते. लोक म्हणतात नवी तार ताणली गेली. स्टीलची तार एवढ्याशा ताणाने फारशी लांबत नाही. बसतात ती ही टोकं.

तेल-ग्रीसचं काय? आतली नळी असलेल्या नव्या आउटरला घट्ट ग्रीस लागत नाही. पातळ तेलाचा एखादा थेंब तारेवर पुसून लावला की पुरे, आणि आउटर आधीच ग्रीस भरलेलं येत असेल तर तेवढंही नको. नळी नसलेलं जुन्या धर्तीचं आउटर हौसेने वापरायचं असेल तर मात्र तार ग्रीसमध्ये माखूनच आत घाला. खोबरेल तेल वापरू नका. घरात सहज मिळतं खरं, पण ते कालांतराने चिकट होतं आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थिजतं. उघड्या तारेवर कसलंही तेल नको, त्यावर तांबडी धूळ बसते.

तार ओवणं आणि आवळणं

तार लिव्हरच्या भोकातून घाला, गोळी तळापर्यंत बसल्याची खात्री करा. मग डाउन ट्यूबवरून, बॉटम ब्रॅकेटच्या योग्य खाचेतून, चेनस्टेच्या स्टॉपरमध्ये, आउटरमधून डेरेलरकडे. लिव्हर उजवी, ती मागच्या डेरेलरची. सगळं बसेपर्यंत तार कापू नका; कारखान्यातलं वितळवून बंद केलेलं टोकच आउटरमधून सहज जातं. मधेच अडली तर जोर न लावता मागे घ्या आणि गोल फिरवत पुन्हा पुढे सारा. जोर लावला की एक पदर नळीत घुसतो आणि तार वाया जाते.

डेरेलरवर ताण बदलायचा गोल स्क्रू असेल तर तो पूर्ण आत फिरवून एक-दोन फेरे बाहेर घ्या. आता तार पकडणाऱ्या बोल्टच्या वॉशरखाली बघा. तिथे जुन्या तारेने पाडलेली खाच दिसेल, नव्या तारेची जागा तीच. बोल्टच्या दुसऱ्या बाजूने तार घेतली तर ओढीचा कोन बदलतो आणि क्लिकचे गिअर जन्मात जुळत नाहीत. लिव्हर पूर्ण पुढे, चेन लहान चकतीवर, तार हाताने ओढून नुसती ढील काढा आणि बोल्ट आवळा. टॉर्कचा पाना असेल तर ५ ते ७ न्यूटन मीटर. नसेल तर तार किंचित चपटी होईल इतपत. जुन्या डेरेलरचे आटे ॲल्युमिनियमचे असतील तर गेले की परत मिळत नाहीत.

पेडल न फिरवता लिव्हर मागे ओढा, म्हणजे ताण येईल, आणि डाउन ट्यूबच्या मध्यावर उघडी तार धरून दोन-तीनदा बाहेर ओढा. टोप्या आणि टोकं आपापल्या जागी बसतात. लिव्हर पुढे करून जी ढील आली ती बोल्ट सोडून पुन्हा काढा. बाहेर ४-५ सेंमी ठेवून तार कापा आणि टोपी दाबा. कापण्याआधी त्या जागी फेविक्विकचा एक थेंब सोडला तर पदर सुटत नाहीत. स्टेनलेसवर साधं डाग-काम धरत नाही.

पुढच्या डेरेलरचं काम थोडक्यात. पिंजऱ्याची बाहेरची पट्टी मोठ्या चेनव्हीलच्या (पेडलजवळच्या दातेरी चकतीच्या) दातांपासून १ ते ३ मिमी वर आणि चेनव्हीलला समांतर असावी. तार बॉटम ब्रॅकेटखालून थेट वर जाते, आउटर लागत नाही. वरून जाणाऱ्या काही जुन्या फ्रेमना मात्र छोटा तुकडा लागतो. चेन लहान चेनव्हीलवर ठेवून तार आवळा. सनटूरच्या काही जुन्या मॉडेलमध्ये स्प्रिंग उलटी असते, म्हणजे तार सोडली की चेन मोठ्यावर जाते. तिथे मोठ्या चेनव्हीलवर ठेवूनच आवळा.

चालवून बघताना

आधी सपाट रस्ता, रायबंदरच्या बांधासारखा. मग एखादा चढ, पणजीत आल्तिनोचा चालेल. चढावर जोर लावताच चेन आपोआप लहान चकतीकडे उतरली तर तारेला हात लावू नका. लिव्हरवरचा गोल कडीचा स्क्रू पाव फेरा आवळा. डेरेलरची स्प्रिंग लिव्हरला पुढे खेचत असते. गिअर वर चढतो पण खाली यायला वेळ लावतो, तर घर्षण जास्त आहे: आधी आउटरची टोकं, मग बॉटम ब्रॅकेटची खाच तपासा. क्लिकच्या लिव्हरवर चेन मोठ्या चकतीकडे जायला कुरकुरत असेल तर डेरेलरवरचा ताण बदलायचा गोल स्क्रू अर्धा फेरा बाहेर, लहान चकतीकडे यायला कुरकुरत असेल तर अर्धा फेरा आत. सगळं जुळूनही मधले गिअर नाराज असतील तर डेरेलरचा हूक वाकलेला असण्याची शक्यता मोठी, तो दुकानात मापाने सरळ करून घ्या. लिव्हर आणि डेरेलर वेगवेगळ्या घरचे असतील तरीही असंच होतं. १९८४ नंतरच्या ७४०० क्रमांकाच्या ड्युरा एसचं मागचं डेरेलर तर शिमॅनोच्याच इतर लिव्हरशी क्लिकवर जुळत नाही. फ्रिक्शनवर मात्र सुरेख चालतं.

पावसाळ्यात

पाणी उघड्या तारेवरून ओघळत स्टॉपरमधून आउटरमध्ये शिरतं आणि वळशाच्या सगळ्यात खालच्या भागात साचतं. दिवाडी-चोडणच्या फेरीवर किंवा किनाऱ्याच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या सायकलला हे पाणी खारं असतं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने हलकं धुवा आणि तार पुसून घ्या. स्टॉपरला तार काढता यावी म्हणून चीर ठेवलेली असेल तर मोठ्या चकतीवर गिअर टाका, सायकल थांबवून पेडल न फिरवता लिव्हर पुढे सोडा. ढिली झालेली तार चिरेतून निघते, आउटर बाजूला सरकवून आतला भाग पुसता येतो. बंद स्टॉपरच्या जुन्या फ्रेमला ही सोय नाही, तिथे बोल्ट सोडावाच लागतो. चवथ झाली, पाऊस ओसरला की तार काढून आउटर हातात धरा आणि आत तार फिरवून बघा. जराही खरखर लागली तर धुण्यात वेळ न घालवता तो ३० सेंमीचा तुकडा बदला. तार मात्र गोळीच्या मुळाशी आणि बोल्टपाशी एकही पदर तुटलेला नसेल तर आणखी एक हंगाम सहज जाते.